इकरामचा पहिला मासा

शुक्रवार, १ मार्च २०१९

ही वही आरोग्य कचेरीची आहे. निवृत्त होताना दोन कोऱ्या वह्या घरी आणल्या. म्हणजे चोरल्या. इथे माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. प्रत्येक पानावर पाच रकाने छापलेले आहेत: नाव, वय, पत्ता, तारीख, मृत्यूचं कारण. एकतीस वर्षं मी या रकान्यांच्या आत लिहिलं. आता आडवंतिडवं लिहिणार.

हा उद्योग रबाबने लावून दिलाय. रबाब माझी एकुलती एक मुलगी, कैरोला असते. फोनवर म्हणाली, "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही कुणाशी धड बोलत नाही. बोलायचं नसेल तर लिहा तरी." तिला वाटतं मी खचलोय. मी खचलेलो नाही, मी रागावलोय.

इकराम, माझी बायको, गेल्या ऑक्टोबरात गेली. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. तिने नेहमीसारखी दोरीला बांधलेली टोपली बाल्कनीतून खाली सोडली. भाजीवाल्याने तीत गर्गीरच्या दोन जुड्या ठेवल्या. वर येताना टोपली दुसऱ्या मजल्याच्या कपड्यांच्या तारेत अडकली, आणि ती सोडवायला ही वाकली. संपलं. दोन जुड्या पाला! घरात कुणी उपाशी नव्हतं, कुणाला कसली घाई नव्हती.

जिने एकतीस वर्षं माझ्याकडून रोज संध्याकाळी मूर्ख माणसांच्या मरणाच्या गोष्टी ऐकल्या, तिने हे करावं? मी कचेरीतून आलो की चहा पुढे ठेवून विचारायची, "आज कुणाचा नंबर?" मग मी सांगायचो. गॅसची टाकी गळतेय का हे काडी पेटवून पाहणारा महरूस. (गळत होती.) आपली कबुतरं आभाळात किती उंच गेली ते बघत बघत गच्चीवर मागे मागे सरकणारा इमाम. कालव्यात पडलेली चप्पल काढायला उतरलेला, पोहता न येणारा एक, आणि त्याला काढायला उतरलेला, पोहता न येणारा त्याचा भाऊ. चप्पल तेवढी तरंगत काठाला लागली होती. इकराम ओढणी तोंडाला लावून हसायची. हसून झालं की मात्र दर वेळी विचारायची, "त्याच्या घरी कोण कोण आहे हो?"

तिची नोंद माझ्या जागी आलेल्या वाईलने केली. मला पान दाखवत नव्हता. मी हिसकावून घेतलं. "उंचावरून पडून." अक्षर चांगलं आहे पोराचं.

रविवार, १० मार्च

आज ठरवलं. या वर्षी फसीख, म्हणजे मिठात मुरवलेला मासा, मी घालणार.

शम्म-अन-नसीम या वसंताच्या सणाला, ईस्टरनंतरच्या सोमवारी, सगळं गाव कालव्याच्या काठी चटया टाकून बसतं आणि इकरामचा फसीख आमच्या चटईवरून चार चटयांवर जातो. चौतीस वर्षं गेला. तिच्या आईचं लाकडी पिंप अजून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पालथं पडलंय. काल त्यावर भाजीची पिशवी ठेवायला गेलो आणि ठेववेना. मग ते उलटं करून पुसलं, आणि पुसता पुसता ठरलं.

रबाबला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला अंडं उकडता येत नाही."

"अंड्याला चूल लागते. फसीखला फक्त अक्कल लागते."

"विकत आणू या ना."

"विकतचा? विकतच्या फसीखने मेलेल्यांची यादी तुला तोंडपाठ म्हणून दाखवू? घरच्याने कुणी मेलेलं माझ्या वहीत नाही."

हे अगदी खरं नाही, पण फोनवर चालून जातं. शेवटी ती म्हणाली, "लोजैनला आजीचा मासा आठवतो. येऊ आम्ही." लोजैन माझी नात, सात वर्षांची. आता माघार नाही.

शनिवार, १६ मार्च

काल बारा बोरी मासे आणले, दहा किलो भरले. रीतीप्रमाणे एक दिवस गच्चीवर फुगू दिले. रात्रभर खालच्या मांजरांनी जी आरडाओरड केली, तीवरून मासे चांगले असावेत.

इकरामने कृती कधी लिहून ठेवली नाही. विचारलं की म्हणायची, "मासा दिसेनासा होईपर्यंत मीठ." हे काय माप झालं? बायकांच्या हाताला असली मापं चालतात. मी दुकानात जाऊन रीतसर दोन किलो मागितलं.

मीठवाला शिहाता पिंपाएवढ्या पोटाचा माणूस. म्हणाला, "किती मासे?"

"दहा किलो."

"दहा किलोला दोन किलो? उस्ताद, मासे पुरायचेत की त्यांच्या घशाला गुळण्या करायच्यात?"

त्याला मीठ खपवायचंय, तो असंच बोलणार. मी त्याला शांतपणे समजावलं की डॉक्टरने मला मीठ कमी करायला सांगितलंय, रक्तदाब आहे, आणि रबाबलाही तो लागण्याची लक्षणं आहेत. फसीखने माणसं आजारी पडतात ती अती मिठाने. एवढी साधी गोष्ट फिरऔन राजांच्या काळापासून कुणाच्या लक्षात आली नाही. शिहाताने माझ्याकडे बघितलं, मीठ तोललं आणि वर एक मूठ फुकट घातली. "ही माझ्याकडून. तुमच्या बाईसाहेबांच्या नावाने." घरी येऊन ती मूठ मी बाजूला काढून ठेवली. रक्तदाब म्हणजे रक्तदाब.

कल्ल्यांत मीठ, पोटात मीठ, थरावर थर. पिंप बंद केलं. माझे हात वासाने बरबटले आणि किती महिन्यांनी घरात इकरामचा वास आला. म्हणजे तिच्या त्या दिवसांतला वास, ती स्वतः लिंबाने हात चोळत म्हणायची ना, "आठ दिवस माझ्याजवळ येऊ नका", तो. मी पिंपाशेजारीच स्टुलावर बसून राहिलो. तासभर बसलो असेन. लाज कसली, बसलो.

गुरुवार, २१ मार्च

मातृदिन. रबाबने फोनवर रडून घेतलं. मी म्हटलं, पिंप छान आहे. ती म्हणाली, "बाबा, मी आईबद्दल बोलतेय." मी म्हटलं, मीही.

शुक्रवार, ५ एप्रिल

गिर्गिसची आई दारात आली. दुसऱ्या मजल्यावर राहते, आमच्याइतकीच जुनी. तिच्याच तारेत टोपली अडकली होती. दुसऱ्याच दिवशी तिने ती तार कापून टाकली आणि तेव्हापासून कपडे घरात, खुर्च्यांच्या पाठीवर वाळत घालते. मी तिला कधी काही बोललो नाही. पण 'तुमची चूक नाही' हेही बोललो नाही.

हवा हुंगत म्हणाली, "जिन्यात वास आला. छातीत धस्सच झालं. म्हटलं, इकरामच आली की काय."

"मी घातलाय."

"तुम्ही?" तिने छातीवर क्रॉसची खूण केली. "येशू, तूच बघ रे बाबा." मग म्हणाली, "मीठ भरपूर घातलंत ना?"

"योग्य तेवढं."

तिचा ईस्टरपर्यंत पंचावन्न दिवसांचा उपास चालू आहे, मासा वर्ज्य, त्यामुळे चव घ्यायला सांगता आलं नाही. दर वर्षी इकराम तिला ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी दोन मासे नेऊन द्यायची. मी म्हटलं, या वर्षीही मिळतील. तिचे डोळे भरून आले. जाताना म्हणाली, "आणि ठोठावायला विसरू नका." मी म्हटलं, दारावरची घंटी बिघडली आहे का? ती तोवर जिना उतरू लागली होती. म्हातारपणी माणसं काहीबाही बोलतात.

शनिवार, २० एप्रिल

टीव्हीवर नेहमीची सूचना सुरू झाली: नागरिकांनी फसीख खाणे टाळावे. दर वर्षी हीच बाई, हाच आवाज, मागे तेच मेलेल्या माशाचं चित्र. आणि दर वर्षी ती बाईसुद्धा सोमवारी खातच असणार.

त्यावरून शिंपी गलाल आठवला. चौऱ्याण्णव साल. शम्म-अन-नसीमच्या दुसऱ्या दिवशी बायकोकडे बघून म्हणाला, "अगं, एक होतीस तेव्हाच माझ्याने सांभाळवत नव्हती, आता दुसरी कुठून आणलीस?" अख्खी गल्ली हसली. चौथ्या दिवशी मी त्याची नोंद केली. ही गोष्ट इकरामला सांगितली तेव्हा मला वाटलं हसेल, तर ही पोलिसासारखी उलटतपासणीला बसली. आधी काय झालं? तोंडाला कोरड आधी की डोळे आधी? किती तासांनी? कमी मिठाचा होता का? मी वैतागून म्हटलं, "मी कारकून आहे, डॉक्टर नाही. गोष्ट संपली, हस."

ती हसली नाही. "त्याच्या घरी कोण कोण आहे?" एवढंच विचारलं. पाच मुली होत्या.

मंगळवार, २३ एप्रिल

पिंप उघडून पाहिलं. मासे मऊ पडलेत, छान दरवळ. इकरामच्यापेक्षा जरा वेगळा, गोडसर. मीठ कमी म्हणून असेल. लोकांना माझ्या हातचा जास्त आवडला तर इकरामला वर राग येईल, या विचाराने उगीच हसू आलं.

शनिवार, २७ एप्रिल

आज मी मालकिणीचा हिस्सा खाल्ला.

हे लिहून ठेवायला हवं. दर वर्षी सणाच्या आधीच्या शनिवारी दुपारी इकराम स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायची आणि पहिला मासा एकटी खायची. मला घास नाही, मुलीला घास नाही. मी बाहेरून दार बडवायचो, "खादाड! चोरटी! देव बघतोय!" ती भरल्या तोंडाने आतून म्हणायची, "बघू दे. पिंप माझं, पहिला मासा माझा." रबाब चार वर्षांची असताना उंबऱ्यात बसून अर्धा तास रडली, तरी दार उघडलं नाही. आणि मग सोमवारपर्यंत पिंपाला कुणी बोट लावायचं नाही, अशी दहशत. रविवारी दुपारी तर खुशाल खिडकीत बसून सुईत दोरा ओवत बसायची. ओवायची, काढायची, पुन्हा ओवायची. शिवायला हातात काही नाही. मी म्हणायचो, एका माशाने हिला सुस्ती आली बघा.

बाकी सगळं आयुष्य तिने स्वतःच्या ताटातलं दुसऱ्याला वाढलं. कोंबडीची तंगडी तिने कधी खाल्लेली मला आठवत नाही. वर्षाकाठी हा एवढाच स्वार्थ. म्हणून मी त्यावरून चिडवायचो पण मनातून मला तो आवडायचा.

तर आज मीही दार लावलं. घरात कुणी नाही, तरी लावलं. कांद्याची पात, लिंबू, भाकरी. अख्खा मासा संपवला. मऊ लोण्यासारखा झालाय. अर्ध्यावर आलो असताना दाराबाहेरून कुणी 'खादाड' म्हणेल म्हणून थांबलो होतो.

संध्याकाळी दोन मासे कागदात गुंडाळून गिर्गिसच्या आईला दिले. चर्चला निघायच्या घाईत होती. "फ्रीजमध्ये ठेवते," म्हणाली.

रविवार, २८ एप्रिल

आज अक्षर वाकडं येतंय. ओळी दोन दिसतात, कुठल्या ओळीवर लिहायचं कळत नाही. चष्म्याचा नंबर वाढला असणार. सण झाला की चष्मेवाल्याकडे जायला हवं.

तोंडाला सकाळपासून कोरड. मीठ कमी घालूनही एवढी तहान, मग शिहाताचं ऐकलं असतं तर काय झालं असतं! चार पेले पाणी प्यायलो. घशाखाली नीट उतरत नाही, नाकात जातं. काल जिन्यात वारं लागलं असेल.

भिंतीवरचा इकरामचा फोटो मात्र आज छान दिसतोय. दोन दिसतात. एक इकराम आणि तिच्या जरा मागे, खांद्याशी, दुसरी. दोघी हसतायत. मी म्हटलं, या, दोघी या, एकीने माझं काय भागतंय.

रबाब निघालीय, तीनपर्यंत पोचेल. लोजैनला फोनवर कबूल केलंय की सोमवारची वाट बघायची नाही, आज आल्या आल्या पिंप उघडू. आजीसारखा खडूसपणा आजोबा करणार नाहीत.

पापण्या जड झाल्यात. जरा पडतो.

रविवार, १९ मे

वही रबाबने दवाखान्यात आणून दिली. डाव्या पापणीला चिकटपट्टी लावून लिहितोय, नाहीतर ती मिटते. रोज अर्धं पान.

त्या दिवशीचं आधी लिहितो.

तीन वाजता दोघी आल्या. मी तीन मासे ताटात काढून ठेवले होते. रबाब म्हणाली, "बाबा, झोपेतून उठलात का? डोळे असे काय?" मी म्हटलं, उन्हाने. ती भाकरी मोडू लागली. लोजैन कुठे दिसेना. तर ती आतून इकरामचा शिवणाचा डबा घेऊन आली.

"आजोबा, आधी सुई."

"कसली सुई?"

"आजी ओवायची ती. मला सांगितलंय तिने. दोरा गेला तर उद्या मासा. दोरा नाही गेला तर सगळं पिंप कालव्यात."

"कधी सांगितलं?"

"दर वर्षी. पण म्हणायची, आजोबांना सांगू नको, ते हसतील."

मी हसलोच. सुई हातात घेतली. दोऱ्याचं टोक ओलं करायला जिभेवर ठेवलं तर जीभ लाकडासारखी. डोळ्यांपुढे धरलं आणि म्हटलं, "एक मागितली होती, दुसरी सुई कुठून आणलीस गं?"

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि माझ्याच कानांनी मी ते ऐकलं. शिंपी गलालचं वाक्य. पंचवीस वर्षांत मी ते किमान शंभर माणसांना सांगून हसवलं असेल.

रबाबचा घास ताटापासून वर आला होता. मी ताटच उडवलं. ते भिंतीवर जाऊन आदळलं, लोजैन किंचाळली. रबाबला वाटलं बापाला वेड लागलं. मला बोलायचं होतं, शब्द तोंडातल्या तोंडात घोळत होते. बोटाने पिंप दाखवलं, माझा डोळा दाखवला, मग खाली जमिनीकडे बोट केलं आणि कसंबसं म्हटलं, "गिर्गिस... आई... मासा." रबाबला कळलं. चपला न घालता दोन मजले उतरली.

पुढचं मला रबाबने सांगितलं. गिर्गिसची आई दार उघडून उभी राहिली. ईस्टरचा दिवस, पंचावन्न दिवसांचा उपास सुटलेला, घरात पाहुणे. रबाबने विचारलं, "मावशी, मासा खाल्ला?"

ती म्हणाली, "कसा खाणार? कुणी ठोठावलंच नाही."

इकराम शनिवारी मासे द्यायची आणि सांगून जायची: मी उद्या संध्याकाळी स्वतः येऊन दार ठोठावेन. तोवर कागद उघडायचा नाही. मी आले नाही, तर टाकून दे आणि वर येऊन मला बघ. तीस वर्षं गिर्गिसची आई रविवारी संध्याकाळी त्या ठोठावण्याची वाट बघत बसायची. या वर्षीही तशीच बसली होती. म्हणाली, "इकराम गेलीय हे मला कळतं गं. पण सवय. मी पाहुण्यांना म्हटलं, थांबा, अजून ठोठावलं नाही."

सोमवार, २० मे

नऊ दिवस यंत्राने श्वास दिला. औषध कैरोहून आलं. तरुण डॉक्टरने मला शुद्ध आल्यावर विचारलं, "काका, मीठ किती घातलं होतंत?"

मी कागदावर लिहिलं: दहा किलोला दोन किलो.

"इतकं कमी का?"

मी लिहिलं: रक्तदाब.

तो खिडकीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते. मला राग आला नाही. मी एकतीस वर्षं तेच केलंय. परत वळला तेव्हा डोळे पुसत म्हणाला, "माफ करा. घरी कोण कोण असतं तुमच्या?" मला रडू आलं. पापणीची पट्टी सुटली, नर्स ओरडली.

बुधवार, २२ मे

वाईल भेटायला आला. संत्री आणली, जी मला गिळता येत नाहीत, म्हणून त्यानेच खाल्ली. म्हणाला, "उस्ताद, खोटं कशाला बोलू, तुमच्यासाठी पान उघडून ठेवलं होतं."

"कारण काय लिहिणार होतास?"

"विषबाधा."

"तुझ्या आधीच्या लेखनिकाने 'मूर्खपणा' लिहिलं असतं."

"त्याचा रकाना नाही, उस्ताद."

गेल्यावर मी हिशेब केला. चौतीस वर्षं, चौतीस पहिले मासे. दर वर्षी त्या शनिवारी ती दार लावून आत बसायची आणि बाहेर आम्ही, जिवंत, तिला शिव्या देत. मग दोन दिवस ती स्वतःकडे लक्ष ठेवून असायची. सुई, दोरा, पाण्याचा घोट. पहिला मासा तिच्या आईने शिकवला असेल, आणि सुई गलालच्या गोष्टीने? मी गोष्ट हसायला सांगत होतो, ती तीतून शिकत होती. रबाब उंबऱ्यात रडत होती आणि ती आत मासा चावत होती, दार न उघडता. आणि मी तिला खादाड म्हणत होतो.

म्हणायला हवं होतंस ना, इकराम. पण तू म्हणाली असतीस तर मी तुला खाऊ दिलं नसतं, मीच खाल्ला असता. तुला तेही ठाऊक होतं.

शुक्रवार, ३१ मे

घरी येऊन तीन दिवस झाले. रमजान चालू आहे, मला रोजे माफ. रबाब काल परत गेली. पिंप आरोग्य कचेरीवाले घेऊन गेले, माझ्याच जुन्या शिपायाने उचललं.

सकाळी गिर्गिसच्या आईकडे गेलो. म्हटलं, तार पुन्हा बांधा. ती नको नको म्हणाली. म्हटलं, "खुर्च्यांवर किती दिवस वाळवणार? तार काही वाईट नव्हती. कुणाचीच चूक नव्हती." हे बोलायला मला सात महिने लागले. तिने दुपारी तार बांधली.

साडेतीनला खालून भाजीवाल्याची आरोळी आली, "गर्गीर! कोवळी गर्गीर!" ऑक्टोबरपासून टोपली खुंटीला होती. काढली, पैसे ठेवून सोडली. त्याने दोन जुड्या घातल्या. ओढू लागलो आणि दुसऱ्या मजल्यावर ती नव्या तारेत अडकली.

दोरी हलवली. सुटेना. पुन्हा हलवली. मग मी वाकलो. कठड्यावर पोट टेकलं, हात लांब केला, दोरीला तिरका झटका द्यायला जरा पुढे गेलो. आणि पायाखाली फरशी गार लागेनाशी झाली तेव्हा कळलं की माझी एक टाच वर उचलली गेलीय. त्या क्षणी माझ्या डोक्यात काडीचाही मूर्खपणा नव्हता. डोक्यात एवढंच होतं की अजून थोडंसं, आता सुटेल.

मागे झालो. जमिनीवर बसलो. बऱ्याच वेळाने बसल्या जागेवरून हाक मारली, "गिर्गिसच्या आई! टोपली अडकलीय!" तिने बाहेर येऊन एका बोटाने सोडवली.

पहिल्या पानावर मी लिहिलंय की घरात कुणाला घाई नव्हती. ते खोटं आहे. मी ताटावर बसलो होतो. "इकराम, गर्गीर आली का? जेवण गार होतंय," असं मी ओरडलो. मग पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा खालून भाजीवाल्याचा आवाज आला. तिने खाली एक हाक मारली असती तर टोपली सुटली असती. पण आतून माझीच हाक चालू होती, ती कुणाला कुठे हाक मारणार?

सात महिने मी तिच्यावर रागावलो, कारण ते सोपं होतं. हे आज लिहिलं. पान फाडणार नाही.

गर्गीर धुतली. आधी मी एक पान खाल्लं आणि थोडा वेळ खिडकीत बसलो. मग एक जुडी घेऊन दोन मजले सावकाश उतरलो आणि गिर्गिसच्या आईचं दार ठोठावलं.